मामंजींचं पिस्तूल आणि तेलात बुडालेलं कलम

॥ श्री गणेश प्रसन्न ॥

मु. तांदळ्याची वाडी, लिंबागणेशजवळ, जि. बीड
चैत्र वद्य षष्ठी, शके १८९५

चि. मोहनराव यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: बंदुकीच्या तेलाची बाटली एक (बूच सैल), फलालीनचं मऊ फडकं एक, लांब दांड्याचा तारेचा ब्रश एक, आणि तुझं पत्र. वर दोन रुपये दहा पैशांची तिकिटं. आधी खुशाली विचारावी आणि मग हिशेबाला लागावं ही रीत मलाही ठाऊक आहे, पण निम्मं तेल सांडलेलं पाहिलं, जीव कळवळला आणि उलटं झालं. तर आता विचारते. तुझी पाठ कशी आहे? चि. सौ. गंगासागरला जड उचलू देऊ नको. तुमच्या खडकीला रोज नळाला पाणी येतं हे वाचून इकडे आळीतल्या सगळ्या बायकांना तुझा हेवा वाटला. आमच्याकडे टँकर येतो तो आपल्या मर्जीने. बाकी लिंबागणेशाच्या कृपेने सर्व सुखरूप आहेत. सासूबाई तुझी आठवण काढतात (म्हणजे 'तुजा त्यो फौजंच्या गुदामातला भाऊ' एवढंच म्हणतात, नाव अजून पाठ झालेलं नाही).

तेल सांडलं त्याचं एवढं दुःख नाही, फडक्याने टिपून परत बाटलीत पिळून घेतलं. जे पिळलं गेलं नाही ते फडकं शिलाई मशीनवर आणि कोठीच्या कुरकुरत्या बिजागरीवर फिरवलं. वाया काही गेलं नाही. पण ते सांडलं तुझ्या पत्रावर. पिस्तूल ओळखावं कसं आणि जपावं कसं ते तू कलमं घालून लिहिलं होतंस, त्यातलं कलम एक अख्खं तेलात बुडालं आणि तिथे नुसता निळा ढग झाला. मी म्हटलं, पहिलं कलम म्हणजे देवाचं नाव घेऊन आरंभ करावा असलंच काही असणार, ते तर आपण कोणी न सांगता करतो. म्हणून मी कलम दोनपासून सुरुवात केली. पुढे जे जे घडलं त्याचं मूळ एवढंच आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच आणि मला बोल लावू नको.

मागच्या वेळी कार्ड लिहिलं, त्यात जागा किती असणार, म्हणून आता मुळापासून सांगते. आमचे मामंजी तरुणपणी घरात भांडून नगरला गेले आणि फौजेत लॉरीवर ड्रायव्हर झाले. मोठी लढाई लागली तेव्हा त्यांना मिसरच्या वाळवंटात नेलं. परत आले ते वळकटीत हे पिस्तूल घेऊन. सासूबाईंनी ते सरळ देवात ठेवलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्याला तेलात कालवलेला शेंदूर चढतो. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचा घोडा तरी ओळखू येत होता. आता तो नुसता शेंदराचा वाकडा गोळा झाला आहे. देव्हाऱ्यात गणपती, बाळकृष्ण, आईसाहेबांचा टाक, एका कोपऱ्यात बोटभर उंचीचा शेंदरी मुंजोबा, आणि मधोमध हे. पोरं परीक्षेला जाताना त्याच्या तोंडाशी डोकं टेकून जातात. (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा वाच.)

इतकी वर्षं त्याचा कुणाला उपद्रव नव्हता. पण यंदा आमच्या ह्यांनी सोसायटीच्या चेअरमनकीला उभं राहायचं घेतलं. दुष्काळात सोसायटीचं बी आणि कडबा कुणाच्या दारात आधी उतरतो याला किती महत्त्व आहे ते तुला खडकीत कळायचं नाही. गेली काही वर्षं तो रामकिसन आबांच्या शेतातल्या आखाड्यावर आधी उतरतो, कारण चेअरमन तेच. तेव्हा ह्यांचं उभं राहणं योग्यच होतं. पण सभेत बोलायला लागले की ह्यांना मामंजी आठवतात. मामंजी गेले तेव्हा त्यांनी लढाईत मारलेले जर्मन दोन होते. हे सोसायटीचे मेंबर झाले तेव्हा चार झाले. यंदाच्या पहिल्याच सभेत हे उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि सात जर्मन मारलेलं पिस्तूल आजही आमच्या देवात आहे, असल्या बापाचा मुलगा रामकिसनला भिणार नाही, असं सांगून टाळ्या घेऊन घरी आले. मी विचारलं, वरचे तीन कधी मेले? तर म्हणे, तुला सभाशास्त्र कळत नाही.

रामकिसन आबांना मात्र ते चांगलं कळतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी बीडची एस.टी. धरली आणि अर्ज दिला, की सुंदरराव यांच्या घरी विनापरवाना चालू हत्यार आहे, ते त्यांनी स्वतः दोनशे माणसांत कबूल केलं आहे. (ह्यांचं नाव मी घेत नाही, पण अर्जातलं जसंच्या तसं उतरवलं पाहिजे.) फौजदारांचा निरोप आला: संकष्टीच्या दिवशी येतो, वस्तू, तिची जात आणि तिच्यावरचा नंबर तयार ठेवा, हत्यार निघालं तर ठाण्याच्या मालखान्यात जमा होईल आणि पुढचं कोर्टात.

ह्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आधी म्हणाले, विहिरीत टाकून देतो. पण विहिरीला पाणी कुठे आहे? टाकलं तर वरून स्पष्ट दिसलं असतं. सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मालखान्यात काय काय असतंय?" मी सांगितलं, दारूच्या हातभट्टीचं सामान असतं, चोरीच्या सायकली असतात. तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मंग मीबी तितंच जाऊन बसते. सांजच्याला दिवा कोन लावंल त्याला? फौजदार?" आणि त्या खरोखर जाऊन बसल्या असत्या, मोहन. तू त्यांना ओळखत नाहीस.

म्हणून तुला कार्ड लिहिलं. तुझं कलम दोन म्हणतं, वरचा सगळा थर काढून नंबर आणि खुणा शोधाव्यात. हे लिहायला सोपं आहे. मी उलथणं हातात घेतलं मात्र, सासूबाईंनी माझा हात धरला. "देवाला खरवडतेत व्हय गं? तुज्या माहेरात खरवडीत असतेल." (माहेरचा उल्लेख फक्त वर्दीसाठी तुला कळवला.) शेवटी उत्तरेश्वर गुरवाला बोलावलं. त्याने पिस्तुलाला नमस्कार केला, चहा घेतला, आणि म्हणाला, शेंदराचा देव काळ आला की आपली खोळ आपणच सोडतो, ती गंगेत, म्हणजे आपल्या नदीत, सोडायची असते. माणसाने खरवडायचं नसतं, फक्त देवाच्या मनात आणून द्यायचं. मी विचारलं, मनात कसं आणून देतात? तर म्हणे, ते घरच्या बाईला कळतं.

मला कळलं. न्हाणीच्या ज्या पत्र्यावर मी कुरडया वाळवते तिथे मी ते ठेवून दिलं. चैत्राचं ऊन, त्यात यंदाचं. काडीचाही खर्च नाही. सासूबाई छत्री घेऊन कावळे हाकत बसल्या. पहिला दिवस देवाच्या मनात काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कटकन आवाज झाला आणि चिंचेचं टरफल सुटावं तशी खोळ दोन बाजूंनी अलगद सुटली. आतून पिस्तुलाच्याच आकाराची, पोकळ, जशीच्या तशी. आता ती सोडायला गंगेत पाणी नाही, नुसती वाळू आहे, म्हणून सासूबाईंनी दोन्ही अर्धुकं जोडून वर दोरा गुंडाळला आणि पाणी येईपर्यंत देव म्हणून तीच देव्हाऱ्यात ठेवली.

आणि खोळीतून निघालं काय? पितळ! काळपटलेलं, पण पितळच. मी तेवढ्यात चिंच आणि राख लावून ते लख्ख घासून काढलं (तुझं कलम चार, 'पितळ मुळीच घासू नये', हे मी नंतर वाचलं. पाणी तांदूळ धुतलेलं वापरलं). तोंड एवढं रुंद, की आमच्या धाकट्याचा अंगठा आत गेला असता. जात मात्र नव्हता, कारण आत काहीतरी पक्कं बसलेलं होतं. मी समजले, जुना शेंदूर असेल. ब्रशने दोनदा ढोसूनही पाहिलं. कडेला तीन रेघांची एक खूण, खाली १९१८ आणि एक नंबर. गुरव म्हणाला, त्रिशूळ आहे, हात जोडा. मला ते कोंबडीचं पाऊल वाटलं. ह्यांचं तोंड मात्र उतरलं. पितळेच्या, लोट्याएवढ्या तोंडाच्या वस्तूने जर्मन मरेल का, हा प्रश्न ह्यांनी मला विचारला नाही, पण माझ्याकडे पाहिलं नाही त्यावरून मी समजले. आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. हत्यारच नसेल, तर खटला कसला?

संकष्टीला फौजदारसाहेब आले, बरोबर रामकिसन आबा, पंच, आणि ज्यांना दुष्काळी कामावर हजेरी लागलेली नव्हती असा सगळा गाव. पुढची गंमत बघायला तू असायला हवा होतास. हे पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, हे खेळणं आहे. बाजारातलं. पितळी. ह्याने चिमणी मरणार नाही. आमचे वडील लॉरी चालवायचे, त्यांनी कुणाला मारलं वगैरे सगळं सभेतलं बोलणं. लगेच रामकिसन आबा पेटले. ज्या माणसाने आठवडाभर गावभर ह्यांच्या बापाची टवाळी केली, तोच हात वर करून सांगायला लागला, "खेळनं? साहेब, ह्येंचा बाप वाघ व्हता वाघ! सात न्हाई, आठ जर्मन मारलेत त्यानं ह्याच पिस्तुलानं. उभ्या बीड जिल्ह्यात असा गडी झाला न्हाई!" हे म्हणाले, छे छे, एकही नाही. ते म्हणाले, आठ. ह्यांनी वडिलांना साधं भित्रं करून टाकलं आणि आबांनी त्यांना उचलून पार सेनापती केलं, आणि लोक आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होते. पंचांपैकी एकाने १९१८ वाचून शंका काढली, की तेव्हा म्हातारा पाळण्यात असेल. आबा म्हणाले, काही पोरं पाळण्यापासूनच हुशार असतात.

तेवढ्यात आबांची नजर माजघरातल्या देव्हाऱ्यावर गेली. "साहेब! दुसरं! दुसरं लपवून ठिवलंय!" फौजदार बूट काढून आत आले, खोळ उचलायला गेले आणि सासूबाईंनी त्यांच्या हातावर पळी मारली. मग सगळं समजावून सांगावं लागलं. पंचनाम्यात शेवटी लिहिलं गेलं: 'पिस्तूल, शेंदराचे, पोकळ, नग एक, पूजेतील.' फौजदार देवभोळे निघाले, जाता जाता त्यांनी गणपतीला आणि कोपऱ्यातल्या मुंजोबालाही नमस्कार केला. घरात आणखी काही युद्धाची वस्तू आहे का, असं विचारलं. हे म्हणाले, नाही. मीही म्हणाले, नाही.

अंगणात येऊन फौजदार म्हणाले, चालू आहे की बंद, एवढं सांगा. हे म्हणाले, बंद. आबा म्हणाले, चालू. त्यांनी पिस्तूल हिसकावूनच घेतलं, तोंड आभाळाकडे केलं आणि म्हणाले, "हे बघा, चाप कसा मऊ चालतोय." मऊ चालणारच. तुझं तेल.

मोहन, दिवाळीतसुद्धा असा आवाज मी ऐकलेला नाही. आबा एका बाजूला, त्यांचा पटका दुसऱ्या बाजूला. आणि वर आभाळात सरसर करत एक तांबडा तारा चढला, भर दुपारी, भुईचक्रासारखा लखलखत, आणि वर जाऊन सावकाश खाली यायला लागला. इतक्या वर्षांचं काडतूस, पण शेंदराने असं लिंपून टाकलेलं, की लोणच्याच्या बरणीलाही आपण इतकं झाकण लावत नाही. तर तुझं कलम एक काय होतं ते मला त्या क्षणी अक्षरन् अक्षर वाचता आलं. आत काडतूस आहे का ते आधी बघ, हेच ना? दोन दिवस ते मी पत्र्यावर तापवलं, रे! ब्रशने ढोसलं! त्याला सत्तावीस वर्षं आम्ही उदबत्ती ओवाळली!

गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू आहे. तिथे सुरुंग लावायच्या आधी तांबडी झेंडी दाखवतात आणि सगळ्यांनी लांब पळायचं असतं. आता तिथल्या माणसांनी आधी धडाका ऐकला आणि मग आभाळाएवढी तांबडी झेंडी पाहिली. अख्खं काम पळालं. पाट्या, घमेली, खोरी सगळं टाकून, बायका पोरं काखोटीला मारून गावात. मुकादम कामावरच्या बैलगाडीखाली शिरला आणि बैल गाडी घेऊन गेले तरी तो तसाच हाताने डोकं झाकून पडून होता. मजुरांना वाटायच्या सुकडीचं पातेलं मात्र दोघांनी पळतानाही उचलून आणलं, एक दाणा सांडला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

आणि ह्या सगळ्या गलक्यात सासूबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहून वर बघत होत्या. मी म्हटलं, भ्याल्या असतील, धरायला गेले. तर त्या हसत होत्या. मामंजी गेल्यापासून मी त्यांना असं दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "तांबडंच हाय गं. त्येंनी सांगितलं तसंच." मग फौजदारांकडे वळून त्यांनी जे सांगितलं ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं. मिसरच्या वाळूत वादळ उठलं की मागच्या लॉऱ्या वाट चुकायच्या, जखमी माणसं असायची त्यांत. तेव्हा पुढच्या लॉरीतून मामंजी हे पिस्तूल वर धरून चाप ओढायचे, की मागच्यांनी दिवा बघावा आणि त्या रोखाने यावं. जर्मन मारला नाही, की आणखी कुणाला मारलं नाही. "मानूस मारलेली चीज म्या देवात ठिवली असती व्हय?" त्या ह्यांच्यावर डाफरल्या. "कावून सांगत हिंडतोस रे सात मारले, आठ मारले? तुजा बाप माळकरी व्हता!"

एका दुपारीत आठही जर्मन जिवंत झाले. आणि खरं सांगते, लोकांनी ह्यांच्या सभेतसुद्धा अशा टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

फौजदारांनी पटक्यासकट आबांना उभं केलं आणि म्हणाले, हत्यार असेल तर ते बेकायदा चालवणारे तुम्ही, आणि नसेल तर खोटा अर्ज देणारे तुम्ही, कोणतं लिहू? आबांनी अर्ज मागे घेतला. पण कागदोपत्री पूर्तता पाहिजे. ही वस्तू माणूस मारायची नसून दिवा दाखवायची आहे, आणि पूजेत ठेवायला हरकत नाही, असं जाणकार माणसाने सहीनिशी लिहून दिलं, तर ती घरात राहील. नाहीतर पौर्णिमेनंतर मालखाना. तोपर्यंत ती आमच्या ताब्यात, ह्यांच्या सहीवर आणि सासूबाईंच्या अंगठ्यावर. तेव्हा तुझ्या साहेबांना तीन रेघांची खूण, साल आणि नंबर दाखव (वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत जोडलं आहे) आणि त्यांच्याकडून तसं पत्र घे. मात्र 'दिवा' असा साधा शब्द नको. 'अत्यंत महत्त्वाचे युद्धसाहित्य' असं काहीतरी घाल, ह्यांचाही मान राहील. ब्रश परत पाठवत नाही, बाटल्या धुवायला चांगला आहे.

चि. सौ. गंगासागरला आशीर्वाद.

तुझी,
अक्का

ता. क. निवडणूक काल झाली. हे चेअरमन झाले. आबांनी सगळ्या गावासमोर ह्यांच्या बापाला वाघ म्हटलं ते लोक विसरले नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. दुष्काळी कामावर त्या दिवशीची पूर्ण हजेरी लागली, पळाल्याबद्दल कापली नाही, म्हणून लोक खुशीत होते, असं माझं म्हणणं. ह्यांनी आभाराच्या भाषणात सांगितलं, की आमच्या वडिलांनी सातशे लॉऱ्यांना वाट दाखवली.

दुसरा ता. क. हे तू एकट्याने वाच आणि पत्र फाडून टाक (पाठपोट लिहिलं आहे, जपण्यासारखी कोरी जागा कुठेच नाही). काल सासूबाईंनी मला देव्हाऱ्यापाशी बोलावलं आणि कोपऱ्यातल्या मुंजोबाचा बुडाचा शेंदूर नखाने जरासा उचकटून दाखवला. आत पितळ. मामंजींनी काडतुसं दोन आणली होती, रे. एक पिस्तुलात, आणि हे दुसरं. मी चौदा वर्षं त्याला गंध लावते आहे, आणि फौजदारांनीही हात जोडलेले आहेत. मी घाबरून म्हटलं, आजच ठाण्यावर देऊन टाकू. तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. म्या जाईन तवा वर सोडा. त्येंनी समद्यांला वाट दावली, मला बी दिसंल की, कुनीकडं यायचं ते." मग म्हणाल्या, मला काही घाई नाही, आत्ता कुठं पोरगा चेअरमन झालाय, तेवढं तुझ्या भावाला विचार, ही चीज किती वर्षं टिकती, त्या हिशेबानं बघू. तर मोहन, त्याला ऊन लागू द्यायचं नाही हे मला समजलं. उदबत्ती किती लांब ओवाळायची, यंदा खंडेनवमीला शेंदूर चढवायचा की नाही, आणि सासूबाईंना किती वर्षं सांगू, हे उलट टपाली कळव. कलम एकपासून लिही, आणि बाटली पाठवू नको.